बखर आणि दप्तर : मराठी क्रीडा व साहस माध्यमांच्या विद्यापीठीय अभ्यासाची एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या परिसरातच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. मराठी, इतिहास, शारीरिक शिक्षण आणि वृत्तपत्रविद्या हे विभागही याच विद्यापीठात नांदतात. शहराबाहेर पडताच देवगिरीचा कातळ दिसू लागतो. याच शहराने मे २०१६ मध्ये रफिक शेख आणि मे २०१८ मध्ये मनीषा वाघमारे असे दोन एव्हरेस्ट आरोहक दिले. खेळाडू, गिर्यारोहक, त्यांच्याविषयी लिहिणारे वार्ताहर आणि त्या लेखनाची समीक्षा करू शकतील असे प्राध्यापक एकाच गावात असणे हा योग दुर्मीळ म्हणावा लागेल. तरीही खेळ आणि साहस यांविषयी जे लिहिले, बोलले आणि दाखविले जाते, त्याचा पद्धतशीर अभ्यास होताना दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा करावयाची आहे. 'क्रीडा व साहस माध्यमे' या संज्ञेत येथे वृत्तपत्रांचे क्रीडापान, आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील समालोचन, गिर्यारोहण व दुर्गभ्रमण यांवरील ग्रंथ, मोहिमांचे अहवाल, माहितीपट आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती या सर्वांचा अंतर्भाव केला आहे. या साऱ्या निर्मितीकडे 'प्रेरणादायी' म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला, संपादकाला आणि अध्यापकालाही जडली आहे. त्यामुळे 'हे खरे आहे काय' आणि 'हे नेमके सांगितले आहे काय' हे समीक्षेचे दोन मूलभूत प्रश्न मागे पडले. ते पुन्हा पुढे आणणे हे विद्यापीठीय अभ्यासाचे पहिले प्रयोजन असले पाहिजे, अशी या लेखाची भूमिका आहे.

तीन विभाग आणि एक पोरका विषय

सामान्यतः वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमात क्रीडा वृत्तांकन हा विशेष वृत्तांकनाचा एक घटक असतो. न्यायालय, गुन्हेगारी, विज्ञान, शेती यांच्या रांगेत तो उभा असतो व त्याच्या वाट्याला मोजक्याच तासिका येतात. शारीरिक शिक्षणात खेळांचे नियम, शरीरक्रियाशास्त्र, प्रशिक्षण पद्धती आणि व्यवस्थापन शिकविले जाते. खेळावरील भाषेचा विचार तेथे अपेक्षितच नसतो. मराठी विभागात गिर्यारोहणावरील ग्रंथ आलाच तर प्रवासवर्णन या सदरात येतो आणि त्याची चर्चा निसर्गचित्रण, शैली व व्यक्तिदर्शन या ठरलेल्या मुद्द्यांवर होऊन संपते.

प्रत्येक विभागाची मर्यादा समजण्यासारखी आहे. मात्र तिन्ही मर्यादा एकत्र आल्या की एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. जो विद्यार्थी शर्यतीचे तंत्र जाणतो, त्याला वाक्य लिहिण्याचे शिक्षण मिळत नाही. ज्याला वाक्य लिहिता येते, त्याला अडथळ्यांची शर्यत आणि स्टीपलचेस यांतील फरक ठाऊक नसतो. आणि ज्याला ग्रंथाची समीक्षा करता येते, त्याला दोराची गाठ कोणी मारली हा प्रश्न वाङ्मयीन वाटत नाही.

मराठी क्रीडालेखनाची कमाई आणि तिची मर्यादा

मराठीला क्रीडालेखनाची परंपराच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये वि. वि. करमरकर यांनी क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील मराठी समालोचनाने क्रिकेट घराघरांत पोहोचविले. द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटविषयक ललित लेखनाचा मोठा वाचकवर्ग तयार केला. या पिढ्यांनी केलेले महत्त्वाचे काम भाषिक आहे. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, निर्धाव षटक हे शब्द मराठीत इतके रुळले की ते घडवावे लागले होते याचा विसर पडावा. परक्या खेळाला आपल्या भाषेत नेमकेपणाने सांगता येते, हे या परंपरेने सिद्ध केले.

याउलट जो खेळ आपला, त्याची भाषा मात्र सुटत चालली आहे. चढाई, पकड, लोण, निदान रेषा ही कबड्डीची परिभाषा मैदानावर घडली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, खेळाडूंना पैसा व प्रतिष्ठा मिळाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु दूरचित्रवाणीबरोबर रेड, टॅकल, सुपर टेन हे शब्दही आले आणि गावच्या मैदानावरील मुलेही तीच भाषा बोलू लागली. भाषा बदलते याची खंत करण्याचे कारण नाही. हा बदल कोणी, कशासाठी आणि कोणत्या व्यापारी गरजेतून घडविला याची नोंद कोणी करीत नाही, ही खंत आहे. असा विषय वृत्तपत्रविद्या आणि मराठी या दोन्ही विभागांच्या सीमेवर पडतो, म्हणून तो कोणाचाच होत नाही.

या परंपरेची दुसरी मर्यादा अविनाश साबळे यांच्या वृत्तांकनात दिसते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा धावपटू. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ नोंदवून रौप्यपदक मिळविले. सुवर्णविजेता केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या अवघे ०.०५ सेकंद पुढे होता. १९९८ ते २०१८ या काळातील राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रौप्याचे वजन कळते. या शर्यतीत धावपटूला २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. दमलेल्या पायांनी अडथळ्यावर पाऊल कसे टेकवावे, पाण्यात किती खोल उतरावे, घोळक्यात कोणती जागा धरावी यांवर तिचा निकाल ठरतो.

मराठी वाचकापर्यंत यातले किती पोहोचले? पोहोचला तो प्रामुख्याने दुष्काळी भाग, आईवडिलांचे कष्ट आणि शाळेसाठीची पायपीट. हे सारे खरे आहे व सांगण्याजोगेही आहे. परंतु दारिद्र्याचे वर्णन शर्यतीच्या वर्णनाची जागा घेऊ लागले म्हणजे खेळाडूचे कौशल्य अदृश्य होते आणि यश हे जणू हालअपेष्टांचे बक्षीस ठरते. मराठवाड्याच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. या प्रदेशाविषयीची बातमी दुष्काळापासून सुरू होऊन दुष्काळापाशी संपण्याची रीत इतकी पक्की झाली आहे की येथला तंत्रशुद्ध धावपटूही त्याच चौकटीत बसविला जातो. साबळे यांचे सहकारी धावपटू अथवा प्रशिक्षक त्या शर्यतीविषयी जे बोलतील, ते समजून घेऊन मराठीत मांडणारा वार्ताहर हवा असेल, तर तो कोठेतरी घडवावा लागेल.

'सर करणे' : साहसाची मराठी भाषा

साहसलेखनाकडे वळताना प्रथम त्याच्या क्रियापदाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत शिखर 'सर' होते. त्यासाठी 'मोहीम' निघते, 'चढाई' होते, शेवटी ती 'फत्ते' होते व शिखर 'पादाक्रांत' केले जाते. ही सारी शब्दसंपदा लष्करी आहे आणि ती शिवकालाच्या स्मृतीशी जोडलेली आहे. गड घेणे आणि डोंगर चढणे या दोन क्रिया मराठी मनात एकरूप झाल्या, याला सह्याद्रीचा इतिहास कारणीभूत आहे. कोंढाण्याचा पोवाडा ऐकत वाढलेल्या समाजाने एव्हरेस्टच्या बातमीतही तोच आवेश आणावा, हे स्वाभाविक होय.

या भाषेचे काही परिणाम मात्र तपासावे लागतात. गड सर होतो तेव्हा समोर शत्रू असतो. डोंगर कोणाचा शत्रू नसतो. विजयाच्या भाषेत माघार ही नामुष्की ठरते, तर गिर्यारोहणात वेळीच घेतलेली माघार ही कौशल्याची खूण असते. शिवाय 'सर केले' या वाक्यात कर्ता एकच असतो. वाट शोधणारे, शिड्या बांधणारे, दोर लावणारे आणि प्राणवायूच्या नळकांड्या वाहणारे शेर्पा त्या वाक्यात बसत नाहीत. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात कोसळलेल्या हिमकड्याखाली १६ नेपाळी कामगारांचा मृत्यू झाला. वाट तयार करणे व ओझी वाहणे हेच त्यांचे त्या दिवशीचे काम होते. एव्हरेस्टच्या मराठी वृत्तांत ही माणसे 'शेर्पांच्या मदतीने' या एका शब्दसमूहात उरतात.

मराठीजवळ दुसरी भाषा नाही असे नाही. गो. नी. दांडेकर यांच्या 'दुर्गभ्रमणगाथा'सारख्या ग्रंथांनी गड हे जिंकण्याचे नव्हे, वारंवार भेटण्याचे स्थळ आहे ही दृष्टी रुजविली. घाटमाथ्यावरील माणसांच्या बोलीतील घळ, नाळ, नेढे, सुळका, माची, खिंड हे शब्द भूरूपांचे अचूक वर्णन करतात. 'नाळ' म्हटले की कड्यातून उतरणारी अरुंद, दगडगोट्यांची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. तथापि दांडेकरांच्या परंपरेचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. त्या लेखनाचा स्थायीभाव भक्तीचा आहे. भक्तीच्या ओघात वाट कितपत धोक्याची, पाणी कोठे, किती वेळ लागला हे तपशील दुय्यम होतात. पुढील काळातील पुष्कळ दुर्गलेखनाने दांडेकरांची नजर घेतली नाही, केवळ गहिवर घेतला. म्हणजेच मराठी साहसलेखन विजय आणि भक्ती या दोन सुरांत अडकले. साक्षीचा तिसरा सूर त्यात क्षीण राहिला.

२०१६ ची दोन वृत्ते : बखर आणि दप्तर

साक्षीचा सूर का आवश्यक आहे, हे मे २०१६ मधील दोन वृत्तांवरून स्पष्ट होते. औरंगाबादचे पोलिस कर्मचारी रफिक शेख १९ मे २०१६ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. २०१४ मधील दुर्घटना व २०१५ चा नेपाळमधील भूकंप यांमुळे त्यांचे आधीचे प्रयत्न सोडून द्यावे लागले होते. त्याच महिन्यात पुणे पोलिस दलातील एका दाम्पत्यानेही शिखर गाठल्याचा दावा केला. दोन्ही वृत्तांचे स्वागत सारख्याच उत्साहाने झाले. पुढे सहगिर्यारोहकांनी त्या दाम्पत्याच्या छायाचित्रांविषयी शंका उपस्थित केल्या. ती छायाचित्रे दुसऱ्या एका भारतीय गिर्यारोहकाच्या छायाचित्रांत फेरफार करून तयार केली असल्याचे उघड झाले. नेपाळ सरकारने प्रथम दिलेली मान्यता काढून घेतली, ऑगस्ट २०१६ मध्ये दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढील वर्षी ते पोलिस सेवेतून बडतर्फ झाले.

या प्रकरणात व्यक्तींच्या दोषाची चर्चा पुरेशी झाली. माध्यमांच्या दोषाची चर्चा झाली नाही. शंका कोणी घेतली? गिर्यारोहकांनी. छाया कोणत्या दिशेला पडली आहे, अंगावरचे कपडे व पायातील बूट प्रत्येक छायाचित्रात तेच आहेत काय, हे प्रश्न वार्ताहरालाही विचारता आले असते. त्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नव्हती. पुराव्याकडे पाहण्याच्या शिक्षणाची गरज होती. अशा अविश्वासाची किंमत शेवटी खऱ्या आरोहकाला मोजावी लागते, कारण पुढील प्रत्येक खऱ्या दाव्यावर संशयाची सावली पडते.

खरे तर ही दृष्टी मराठी विद्वत्तेला नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखर व अस्सल कागद यांतील भेद मराठी अभ्यासकांच्या मनावर ठसविला. बखर गौरवासाठी लिहिली जाते, घटनेनंतर लिहिली जाते आणि ऐकणाऱ्याला काय आवडेल ते जाणून लिहिली जाते. दप्तरातील कागद त्या त्या दिवशीच्या कामासाठी लिहिलेला असतो. त्याला कोणाला भारावून टाकायचे नसते. आजचे क्रीडा व साहस वृत्त ही बहुतांशी बखर आहे. मोहिमेची दैनंदिनी, शिबिरांच्या वेळा, हवामानाची नोंद, शर्यतीतील प्रत्येक फेरीची वेळ हे तिचे दप्तर होय. बखरीला वाङ्मय म्हणून मोल आहेच. तिला पुरावा मानण्याची चूक तेवढी टाळावयाची आहे. इतिहास विभागात पहिल्याच वर्षी शिकविला जाणारा हा भेद वृत्तपत्रविद्या विभागात क्रीडापान शिकविताना आठवला जात नाही, हा विभागांच्या भिंतींचा परिणाम आहे.

जगात हे काम एका वार्ताहर स्त्रीने करून दाखविले. अमेरिकन पत्रकार एलिझाबेथ हॉली १९६० पासून काठमांडूत राहिल्या. त्या स्वतः कधी हिमशिखर चढल्या नाहीत. मात्र नेपाळमधील मोहिमांच्या सदस्यांना गाठून, जाण्यापूर्वी व परतल्यावर प्रश्न विचारून त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून उभा राहिलेला 'हिमालयन डेटाबेस' आजही प्रमाण मानला जातो. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. साहस न करताही साहसाचा विश्वासार्ह अभ्यासक होता येते, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही. तसेच मे १९९६ मधील एव्हरेस्टवरील वादळात आठ जणांचा मृत्यू झाल्यानंतर जॉन क्राकॉर यांचे 'इनटू थिन एअर' आणि त्यातील आक्षेपांना उत्तर देणारे अनातोली बुक्रेएव्ह यांचे 'द क्लाइंब' ही पुस्तके १९९७ मध्ये लागोपाठ प्रसिद्ध झाली. एकाच रात्रीच्या या दोन साक्षी शेजारी ठेवून वाचणे हा समीक्षेचा उत्तम धडा होऊ शकतो.

माघार आणि मृत्यू

मनीषा वाघमारे यांनी २१ मे २०१८ रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्याआधी २०१७ मध्ये शिखर अवघे १७० मीटर उरले असताना खराब हवामानामुळे त्या परतल्या होत्या. गौरवाच्या भाषेत २०१७ हे अपयशाचे व २०१८ हे यशाचे वर्ष ठरते. गिर्यारोहणाच्या दृष्टीने पाहिल्यास २०१७ चा निर्णय नसता, तर २०१८ हे वर्ष उजाडलेच नसते. शिखर डोळ्यांसमोर असताना पाठ फिरविण्याचा क्षण हा साहसलेखनाचा गाभा होऊ शकतो. मराठी लोकस्मृतीतील हिरकणीची कथा कडा उतरण्याची आहे, चढण्याची नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे. उतरणे, परतणे, सुखरूप घरी येणे यांना मानाचे शब्द देणे हे काम माध्यमांनी अजून केलेले नाही.

या उणिवेचे परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीत. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळील शूलिभंजन येथे मोटार मागे घेत असताना ती दरीत कोसळून एका तरुणीचा मृत्यू झाला. त्या वेळी समाजमाध्यमासाठी चित्रण चालू होते. पुढील महिन्यात रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना एक प्रवासविषयक निवेदिका दरीत पडून मरण पावली. शूलिभंजनची चित्रफीत नंतर वाहिन्यांवरून आणि भ्रमणध्वनींवरून पुनःपुन्हा फिरली. ज्या दृश्याच्या हव्यासाने जीव गेला, त्याच दृश्याची भूक त्या मृत्यूने भागविली गेली. येथे माध्यम हे घटनेचे केवळ साक्षीदार उरत नाही, घटनेचे कारण बनते. महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थीवर्गच अशा चित्रफिती घडवितो आणि पाहतो. म्हणून या विषयाचा अभ्यास ही चैन मानता येणार नाही.

अभ्यासक्रमाची दिशा आणि काही आक्षेप

औरंगाबादसाठी घोषित झालेले आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ पुढे पुण्यात बालेवाडी येथे स्थापण्याचे ठरले व डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळाने त्यासंबंधीचे विधेयक संमत केले. मराठवाड्यात याविषयी नाराजी व्यक्त झाली, ती रास्त होती. परंतु इमारत, मैदाने आणि निधी यांच्या अभावी जे करता येणार नाही, ते आणि विद्यमान विभागांच्या सहकार्याने जे आजही करता येईल ते, यांत फरक केला पाहिजे. क्रीडा व साहस माध्यमांच्या अभ्यासाला मैदान लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आंतरविद्याशाखीय श्रेयांकांची तरतूद झाली आहे. मराठी, इतिहास, वृत्तपत्रविद्या आणि शारीरिक शिक्षण या चार विभागांनी मिळून एक अभ्यासपत्रिका चालविण्यास त्यामुळे वाव आहे. तीत परिभाषा, पुराव्याची छाननी, जोखमीच्या वृत्तांकनाची नीती आणि प्रत्यक्ष लेखन असे चार घटक असावेत. स्थानिक खेळाडू व गिर्यारोहक यांच्या दैनंदिन्या, छायाचित्रे आणि मुलाखती यांचे दप्तर ग्रंथालयात उभारणे हे विद्यार्थ्यांचे प्रकल्पकार्य होऊ शकेल.

यावर दोन आक्षेप घेतले जाण्याचा संभव आहे. पहिला असा की, ग्रामीण विद्यार्थ्याला प्रेरणा हवी असते. चिकित्सेने ती मारली जाईल. परंतु शाळेच्या वाटेवर धावणाऱ्या मुलाला साबळे गरीब होते यापेक्षा त्यांनी पाण्याचा खड्डा कसा ओलांडला हे कळणे अधिक उपयोगी आहे. पहिल्या माहितीने डोळे पाणावतील, दुसरीने पाऊल सुधारेल. दुसरा आक्षेप रोजगाराचा. क्रीडापाने आक्रसत असताना असा अभ्यास कोणासाठी, असे विचारले जाईल. हा प्रश्न पूर्णतः निकालात काढता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला वार्ताहराची नोकरी मिळेल, असे आश्वासन देणारा अभ्यासक्रम अप्रामाणिक ठरेल. तथापि पुरावा तपासून नेमके लिहिणे हे कौशल्य शिक्षक, प्रशिक्षक, संघटक आणि नागरिक या सर्वांनाच लागते.

समारोप

मराठी क्रीडालेखनाने परक्या खेळाला आपली भाषा दिली आणि मराठी दुर्गलेखनाने डोंगराकडे पाहण्याची एक आत्मीय दृष्टी दिली. या दोन्ही परंपरा मोलाच्या आहेत. परंतु पहिली गौरवात आणि दुसरी भक्तीत स्थिरावल्यामुळे साक्षीची परंपरा दुबळी राहिली. २०१६ चे प्रकरण, साबळे यांच्या शर्यतीचे अर्धवट वर्णन आणि शूलिभंजनची चित्रफीत ही एकाच दुबळेपणाची तीन रूपे होत. खेळ आणि साहस यांत शरीर पणाला लागते. त्याविषयी लिहिणाऱ्याने निदान शब्द तरी जोखून वापरावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. राजवाडे यांनी इतिहासाच्या क्षेत्रात बखरीशेजारी दप्तर मांडले. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठीय परिसराने क्रीडा व साहसाच्या क्षेत्रात तेच करून पाहावे. या दप्तराची पहिली पाने या शहरातच उपलब्ध आहेत. रफिक शेख आणि मनीषा वाघमारे यांना सत्कारापलीकडे जाऊन प्रश्न विचारण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.